दादाचा उजवा कान

१

त्या नाटकात एक जागा अशी होती की तिथे काय बोलायचं ते लिहिलेलंच नव्हतं.

नाटक जुनं. इतकं जुनं, की बघायला येणाऱ्यांच्या आज्यासुद्धा ते बघून रडून गेल्या होत्या. गोष्ट सगळ्यांना पाठ. एक सेनापती असतो, त्याची देखणी बायको असते, आणि त्याचा एक जिवलग दोस्त असतो. हा जिवलग मनातून जळका. तो सेनापतीच्या कानात बायकोबद्दल वाट्टेल ते भरवतो. सेनापती विश्वास ठेवतो, तिच्या तोंडावर उशी दाबतो, मग खरं कळतं, मग स्वतःच्या पोटात खंजीर. पडदा. लोक नाक शिंकरत घरी.

तर दुसऱ्या अंकात संहितेत एवढंच होतं: जिवलग कानात सांगतो. बास. काय सांगतो ते लिहिणारा विसरला, की त्याला सुचलं नाही, कोण जाणे. दिवे मंद व्हायचे, मागे ढोल हळूहळू वाजत राहायचा, आणि जिवलगाने सेनापतीच्या उजव्या कानाशी वाकून कुजबुजत राहायचं. प्रेक्षकांना फक्त ओठ हलताना दिसायचे.

सेनापती दादा व्हायचा. कंपनी त्याचीच. त्याची बायको वहिनीच व्हायची, वेगळी नटी परवडते कुणाला. आणि जिवलग व्हायचा दादाचा धाकटा भाऊ. त्याला सगळे चिमट्या म्हणायचे, कारण लहानपणी तो पाहुण्यांना चिमटे काढून पळायचा. आता मिसरूड फुटलं होतं, शाळा सुटली होती, चिमटे तेवढे चालू होते. मेकअपच्या डब्यात पिठी, टोपाच्या आत खाजकुयली, पडदेवाल्या काकांच्या चपलांना डिंक. सगळं करून झालं होतं.

त्या कुजबुजीच्या जागेत चिमट्या दादाला विनोद सांगायचा. रोज नवीन. जितका घाणेरडा तितका बरा. दादाने हसायचं नाही हा खेळ. समोर भरलेलं थिएटर, दादाचा चेहरा दगडाचा, आणि कानात चिमट्या सांगतोय की म्हातारीने डॉक्टरला काय दाखवलं. चिमट्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला, त्यामुळे हळू बोलताना त्याच्या ‘स’ला बारीक शिट्टी यायची. दादा म्हणायचा, त्या शिट्टीनेच अर्धं हसू येतं. पण हसला कधीच नाही. विनोद आवडला तर नुसती कानाची पाळी ओढायचा. लोकांना वाटायचं, वा, सेनापतीची घालमेल काय दाखवलीय!

विंगेत आल्यावर चिमट्याचं ठरलेलं, “हसला का नाहीस?”

“उद्या बरा सांग. मग हसतो.”

असं छान चाललं होतं. मग चिमट्याने खंजिराची खोडी काढली.

नाटकात खंजीर दोन होते, दिसायला जुळे भाऊ. एक खरा. पहिल्या अंकात सेनापती तो टेबलात रोवतो, म्हणून त्याला पातं खरं लागायचं. दुसरा खोटा, दाबला की पातं मुठीत शिरायचं. तो शेवटी पोटात खुपसायचा. ओळखू यावा म्हणून खऱ्याच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. चिमट्याने काय केलं, दोरा सोडला आणि खोट्याला बांधला.

दादाने गर्जना केली, “माझा शब्द म्हणजे हा!” आणि खंजीर टेबलावर हाणला. पातं खुळुक् करून मुठीत. सगळं थिएटर फुटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “शब्द आत गेला!”

मध्यंतरात वहिनीने दोन्ही खंजीर आपल्या हाताने जागच्या जागी लावले आणि चिमट्याचा हात धरून त्याला सगळ्यांसमोर उभा केला. त्याच्या नखात लाल धागा अडकलेला.

“हा बघा कोण ते,” वहिनी म्हणाली. “हसताय काय? माझ्या लक्षात आलं नसतं तर शेवटच्या अंकात खरा यांच्या पोटात गेला असता.”

“मी परत बदलणारच होतो,” चिमट्या म्हणाला.

“तू विसरला असतास. तू सगळं विसरतोस. जेवायचं सोडून.”

सगळे हसले. दादा हसला नाही. पण ते खेळातलं न हसणं नव्हतं.

“हे प्रयोग संपले की तू मामाकडे,” दादा म्हणाला. “पंक्चर काढायला.”

“आणि माझं काम कोण करणार?”

“बल्ब करेल,” वहिनीच बोलली. “त्याला सगळे संवाद पाठ आहेत. रोज वरून ऐकतो.”

बल्ब म्हणजे दिवेवाला. टक्कल पडलेला, काडीसारखा, बोलताना थुंकी उडवणारा. त्याने लाजून मान खाली घातली.

प्रयोग संपून सगळे चहाला गेले तरी चिमट्या ग्रीनरूममध्ये आरशासमोर बसून राहिला. आरशाच्या वर भिंतीवर एक लाकडी खोका होता. त्यातून स्टेजवरचा आवाज आत यायचा, म्हणजे नटांना कळावं आपली पाळी कधी. आता स्टेज रिकामं, खोका गप्प.

“दिला दगा वहिनीने,” चिमट्या आरशाला म्हणाला. “हिला रडवायचं. असं रडवायचं की यँव. आणि तेही तिच्याच हाताने.”

खोक्यात खरखर झाली. मग कुणीतरी श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

चिमट्याने बाहेर जाऊन बघितलं. स्टेजवर झाडूसुद्धा नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी कुजबुजीच्या जागेत त्याने विनोद सांगितला नाही. म्हटलं, नाटकातल्यासारखंच करू. बघू तरी जुन्या लोकांचं औषध लागू पडतं का.

“दादा,” तो कानात म्हणाला, “बल्बच्या माळ्यावर वहिनीचा कंगवा पडलाय. त्याला टक्कल आहे, त्याला कंगवा कशाला?”

दादाने कानाची पाळी ओढली. म्हणजे विनोद पोचला. चिमट्याचा हिरमोड झाला. साप सोडला आणि लोकांनी त्याला दोरी समजून कपडे वाळत घातले, तसं.

पण चहाच्या वेळी दादा त्याच्या शेजारी येऊन बसला. टोस्ट बुडवत, इकडे तिकडे बघत म्हणाला, “आणि ती शाल?”

“कुठली शाल?”

“हिरवी. जिन्यावरची. तूच म्हणालास ना.”

“मी कंगवा म्हणालो.”

“कंगवा आधी. शाल नंतर.” टोस्ट कपात तुटून पडला तरी दादाने काढला नाही. “मस्करी होती ना?”

चिमट्याने जरा विचार केला. शाल तो म्हणाला नव्हता. हे नक्की. म्हणजे दादा त्याची उलटी फिरकी घेत होता. खोडकर माणसाला सगळं जग खोडकर दिसतं, त्यातली गत. वहिनीकडे हिरवी शालच नाही मुळी.

तेवढ्यात वहिनी आत आली. खांद्यावर हिरवी शाल.

“नवी का?” दादाने विचारलं.

“नवी कसली, ट्रंकेच्या तळाशी होती. लग्नातली. आज गारठा आहे ना.”

दादाने कप उचलला आणि तो टोस्टचा लगदा पिऊन टाकला.

चिमट्याच्या पाठीवर काटा आला, पण खरं सांगायचं तर आतून गुदगुल्यासुद्धा झाल्या. लागलं की औषध!

३

मग त्याला चटकच लागली. रोज एक. कधी बल्बने वहिनीला पाणी दिलं, कधी वहिनीने वर बघून मान हलवली. खोटं असं काहीच नसायचं. बल्ब सगळ्यांनाच पाणी द्यायचा, आणि दिव्यासाठी सगळेच वर बघून मान हलवायचे. फक्त ते कानात सांगितलं की वेगळं वाटायचं. चिमट्या चिमूटभर सांगायचा आणि दादा मात्र सूपभर घेऊन जायचा.

दादा आता कानाची पाळी ओढत नव्हता. घरी वहिनीची पिशवी उलटी करून बघायचा. ती खोलीत आली की बोलणं थांबवायचा. बल्बला एकदा कारण नसताना शिडीवरून खाली उतरवला आणि नुसतं त्याच्याकडे बघत राहिला. बल्ब बिचारा घामाघूम. “दादा, बल्ब बदलू का?” म्हणून विचारतोय.

वहिनीचा चेहरा उतरला. चिमट्याला वाढताना तिचा डाव ताटावर आपटला. चिमट्याने मनात म्हटलं, अजून रडली नाही. अजून थोडं.

तरी एक गोष्ट त्याला टोचत होती. दादाला माहीत असलेलं त्याने सांगितलेल्यापेक्षा जास्त होतं. “तू म्हणालास ना, ती झोपेत बोलते.” “तू म्हणालास ना, अंगठी हरवली म्हणते पण हरवली नाही.” चिमट्या हो म्हणायचा. कोण मागे घेणार? आपणच बोललो असू, ओघात. रोज तेच ते करून डोक्याचं भजं होतं.

मग एका प्रयोगाला त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. काहीच बोलायचं नाही. ओठ हलल्यासारखे दिसावेत म्हणून नुसता जबडा चघळायचा, गाईसारखा.

दिवे मंद झाले. ढोल सुरू झाला. चिमट्या दादाच्या उजव्या कानाशी वाकला. जीभ त्याने दातांत पक्की धरली होती, इतकी की दुखत होती. दादाच्या कानाजवळ त्याचा रंग ओघळून एक रेष झाली होती, ती त्याला दिसत होती. कानावरचे दोन पांढरे केस दिसत होते.

आणि ते केस हलले. कुणीतरी बोलताना वारा लागतो तसे.

“...सकाळी तिने दार आतून लावलं होतं. विचार तिला, कशासाठी.”

आवाज चिमट्याचा होता. त्याच्या तोंडाच्या आणि दादाच्या कानाच्या मध्ये दोन बोटांची जागा, तिथून येत होता. ‘स’वर बारीक शिट्टी होती.

चिमट्याने जीभ आणखी जोरात चावली. खारट लागलं. आवाज थांबला नाही. घाई नाही, राग नाही. चिमट्या विनोद सांगताना जसा मजेत बोलायचा, अगदी तसा.

विंगेत आल्यावर त्याने पडदेवाल्या काकांना विचारलं, “काका, मी आता बोलत होतो का?”

“मग काय गाणं म्हणत होतास?”

“ऐकू आलं तुम्हाला?”

काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “तोंडातून रक्त येतंय तुझ्या. रंग खाल्लास का? आणि हे बघ, माझ्या चपलेला पुन्हा काही लावलं असशील तर सांगून ठेव.”

४

शेवटच्या प्रयोगाच्या सकाळी चिमट्या दादाकडे गेला. दादा कपडेपटात सेनापतीच्या झग्याला इस्त्री करत होता. हे काम तो कुणाला द्यायचा नाही. वाफ, ओल्या लोकरीचा वास, आणि कोपऱ्यात डोकी नसलेले सगळे पोशाख खिळ्यांना लटकलेले.

“दादा, ते सगळं खोटं होतं.”

इस्त्री थांबली नाही.

“कंगवा मी टाकला होता. बल्बचं काही नाही. वहिनीचं काही नाही. मला राग आला होता, पंक्चरच्या दुकानाचा. आणि बाकीचं मी बोललोच नाही रे. दुसरंच कुणीतरी बोलतं. माझ्या आवाजात. आईशप्पथ.”

त्याला रडू फुटलं. इतका मोठा घोडा, पण रडला, बाहीने नाक पुसत.

दादाने इस्त्री उभी ठेवली. “झालं?”

“हो.”

“परवाच म्हणालास तू मला. कानात. म्हणालास, मी घाबरेन आणि येईन, सगळं खोटं म्हणेन. तेव्हा ऐकू नकोस.” दादाने झग्याची बाही उलटी केली. “म्हणालास, रडेनसुद्धा.”

चिमट्याची बाही नाकापाशीच राहिली.

“दादा, तू काय करणार आहेस?”

“प्रयोग,” दादा म्हणाला. “जा. दाढी चिकटव.”

बाहेर येऊन चिमट्या भिंतीला टेकून उभा राहिला. दादाच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्याने दादाचे हात बघितले होते, झग्यावर सपाट ठेवलेले. शेवटच्या अंकात उशीवर ठेवायचा ना, तसेच.

उशीच्या प्रवेशाची एक खूण होती. दादाने उशी दाबली की वहिनी चादरीखालून पायाचा अंगठा हलवायची, ठीक आहे म्हणून. प्रेक्षकांना दिसायचा नाही, विंगेतून तेवढा दिसायचा. पूर्वी एकदा उशीत तिचा जीव खरोखर घुसमटला होता तेव्हापासूनची पद्धत. काका तो अंगठा बघितल्याशिवाय पडद्याच्या दोरीला हात लावत नसत.

आज अंगठा नाही हलला तर?

५

वहिनी रंगायला बसली होती. चिमट्याने दार लावून घेतलं आणि एका दमात सांगितलं. आजचा प्रयोग करू नकोस. पोट दुखतंय म्हण. पाय मोडला म्हण. दादा आज खरंच करेल.

तो वाट बघत होता ती ओरडायची. निदान ‘नालायका’ तरी. वहिनी गालाला रंग लावत राहिली. आरशातूनच त्याच्याकडे बघितलं, आणि हसली. त्याच्याकडे बघून ती अशी कधी हसली नव्हती.

“किती वेळा सांगशील?” ती म्हणाली. “कालच सांगितलंस की.”

“मी?”

“उशिरा आला होतास बघ, मी केस सोडत होते. मागे वळू नको म्हणालास, कुणी बघेल. मागे उभा राहून कानातच बोललास. मला वाटलं, आज झुरळ सोडतो की काय पाठीवर.” तिने कुंचला खाली ठेवला. “पण तू आपला निघालास शेवटी. मीच वेडी, तुझ्यावर इतकी चिडले. तुझ्याशिवाय मला कोण सांगणार होतं?”

चिमट्याला काल तो कुठे होता ते आठवलं. काल तो संध्याकाळपासून काकांबरोबर पडद्याची फाटकी कड शिवत बसला होता.

“वहिनी, मी काय म्हणालो तुला?”

“आता घाबरू नकोस. तू सांगितलंस तसंच केलंय मी. माझी काळजी मी घेतलीय.” तिने त्याच्या गालावर चापट मारली, त्याच्या दाढीला तिच्या बोटांचा रंग लागला. “प्रयोग टाळून कुठे जाऊ? रोज घरी तर त्यांच्याबरोबरच राहायचंय.”

तिच्या पावडरीच्या डब्याशेजारी लाल दोऱ्याचा तुकडा पडला होता, कुरळा, कशाला तरी खूप दिवस गुंडाळून ठेवल्यासारखा. चिमट्याने तो बघितला. त्याच्या डोक्यात मात्र तेव्हा एकच गोष्ट होती, पायाचा अंगठा.

आरशावरच्या खोक्यातून प्रेक्षक आत येत असल्याचा आवाज यायला लागला. खुर्च्या, खोकला, कुणाची तरी लेकरं. आणि त्या सगळ्याच्या पुढे, अगदी जाळीला तोंड लावून, कुणीतरी मजेत हसू दाबत होतं.

६

दुसऱ्या अंकात कुजबुजीची जागा आली. चिमट्याने आदल्या रात्रीपासून जे जे जुळवलं होतं ते सगळं तो विसरला. दादाचा कान समोर. काहीही बोललं तरी दादा म्हणणार, ‘हेही तूच सांगून ठेवलंस.’ मग त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

“दाताचा डॉक्टर म्हणाला, आ कर. पेशंट म्हणाला, आधी तुम्ही करा, मी लाजतो.”

हा विनोद दादाने सांगितलेला. चिमट्याचा दात तुटला त्या दिवशी, दवाखान्याच्या बाकावर, भोकाड थांबावं म्हणून. तेव्हा चिमट्या इतका लहान होता की त्याला तो कळलासुद्धा नव्हता, पण दादा हसला म्हणून तो हसला होता. त्यानंतर दोघांपैकी कुणी तो कधी काढला नव्हता.

दादाच्या गालाचा स्नायू एकदा उडाला. बस्, एवढंच. नजर समोर, चेहरा दगडाचा.

चिमट्या ऐकत राहिला. पुढे दुसरं कुणी काही बोललं नाही. कानावरचे पांढरे केस हलले नाहीत. त्याला वाटलं, गेलं. संपलं. ते गप्प का बसलं, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता.

शेवटचा अंक. पलंग विंगेच्या अगदी जवळ, हात लांब केला तर उशाला लागेल इतका. वहिनी झोपलेली. दादा आला, संवाद म्हटले, उशी उचलली.

चिमट्या धावलाच. पण काकांनी आधीच त्याची कॉलर धरली होती.

“सोडा! काका, तो मारेल तिला! खरंच मारेल!”

“शेवटच्या दिवशी तरी खोडी नको,” काका त्याच्या कानात म्हणाले, आणि दुसरा हात त्याच्या तोंडावर ठेवला. त्या हाताला दोरीचा आणि तेलाचा वास होता. “गुपचूप उभा राहा. तुझी नाटकं मला माहीत नाहीत होय?”

दादाने उशी दाबली. थिएटर चिडीचूप. चादरीच्या टोकाला वहिनीची पावलं, रंग लावलेली, पांढरी. चिमट्या अंगठ्याकडे बघत होता. हलेना. त्याने काकांच्या हाताला चावा घेतला, काकांनी हात काढला नाही.

अंगठा हलला.

एकदा, मग पुन्हा. जिवंत, टुणटुणीत अंगठा. चिमट्याने काकांचा हात दातांतून सोडला. आणि दादा उशीवरून उठला, प्रेक्षकांकडे पाठ करून विंगेकडे वळला, आणि चिमट्याच्या डोळ्यांत बघून त्याने आपल्या उजव्या कानाची पाळी ओढली.

विनोद पोचला होता. दादाला त्याचा चिमट्या ओळखू आला होता.

चिमट्याला काकांच्या हाताआड हसू फुटलं. दादाचे संवाद चालू झाले, ते शेवटचे, लांबलचक, रोज लोकांना रडवणारे. मी कुणावर विश्वास ठेवला आणि कुणावर नाही, वगैरे. दादा आज मोकळा बोलत होता, ओझं उतरलेल्या माणसासारखा. बोलता बोलता त्याने पलंगाच्या उशाखाली हात घातला, खंजीर रोज वहिनीच तिथे ठेवून जायची, आणि तो बाहेर काढला. न बघता. बघायचं कशाला? मुठीला लाल दोरा नव्हता. म्हणजे खोटाच.

दोरा.

पावडरीच्या डब्याशेजारचा तो कुरळा तुकडा चिमट्याच्या डोळ्यांसमोर आला. तू सांगितलंस तसंच केलंय मी. म्हणजे खरा खंजीर जवळ ठेव, त्याने उशी दाबून धरली तर वापर. कुणाला कळू नये म्हणून दोरा काढून टाक. तो सल्ला चिमट्याला आपल्याच शिट्टीसकट ऐकू आला, आता, इतक्या उशिरा.

पहिल्या अंकात खरा खंजीर वहिनीनेच दादाच्या हातात दिला होता आणि नंतर तिनेच परत नेला होता. उशाखाली आज दोन खंजीर होते. आणि ते जुळे भाऊ होते.

वहिनी मेलेली होती, डोळे मिटून. तिलाही दिसलं नव्हतं. पण तिचा हात उशाखाली सरकताना चिमट्याला दिसला. बोटांनी उरलेल्या खंजिराचं टोक चाचपलं, दाबलं. बारीकसा आवाज आला, खुळुक्. पातं मुठीत गेलं.

मेलेल्या वहिनीने डोळे उघडले.

चिमट्या काकांच्या हातात ओरडला. वहिनीही ओरडली असावी. दादाने तोवर दोन्ही हातांनी, रोजच्यासारखं, पूर्ण ताकदीने, पोटात...

आधी तो नुसता दचकला. मग त्याने खाली बघितलं, कुणीतरी खोडी काढल्यावर माणूस बघतो ना, तसं. पुन्हा एकदा खुळुक् व्हायची वाट बघत असल्यासारखं.

मग तो गुडघ्यांवर आला.

टाळ्या सुरू झाल्या. वहिनी पलंगावरून खाली पडली, त्याच्यापर्यंत रांगत गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आपले हात डोळ्यांसमोर धरून बघितले, पुढून, मागून. आणि रडायला लागली. असं रडणं त्या थिएटरने कधी ऐकलं नव्हतं. टाळ्या वाढल्या. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतली एक बाई नाकाला रुमाल लावून शेजारणीला म्हणाली, “काय रडते गं! अगदी खरं वाटतं!”

काकांचा हात चिमट्याच्या तोंडावरून गळून पडला. ते दोरीकडे धावले. पडदा हेलपाटत खाली येऊ लागला, आणि विंगेत चिमट्या एकटा उरला.

एकटा नाही. उजव्या कानावरचे केस हलले. वारा गार नव्हता, कोमट होता, नुकताच चहा प्यायलेल्या माणसाचा असतो तसा.

“रडली,” चिमट्याचाच आवाज म्हणाला. “तिच्याच हाताने.”

पडदा जमिनीला टेकला. पलीकडे टाळ्या, अलीकडे ते रडणं.

“हसला का नाहीस?” आवाजाने विचारलं. ‘स’ला बारीक शिट्टी होती.

आणि चिमट्याचा हात, त्याला न विचारता, वर गेला आणि कानाच्या पाळीशी जाऊन थांबला.